ओल्ड ट्रॅफर्ड सोडायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मँचेस्टर युनायटेड हा इंग्लिश फुटबॉल क्लब ओल्ड ट्रॅफर्ड हे आपलं जुनं ग्राउंड सोडून नवं स्टेडियम बांधायचं म्हणतोय, त्यावरून आपल्याकडच्या फॅन मंडळींतही दोन तट पडलेत. मॅच बघायला चार टाळकी जमली की हाफ टाइमला विषय निघतोच, आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. मी युनायटेडचा फॅन, तटस्थ नाही, तसा आव आणलेलाही नाही.

नेमकं काय जाहीर झालंय?

११ मार्च २०२५ रोजी क्लबने सांगितलं की ओल्ड ट्रॅफर्डच्या शेजारीच १ लाख प्रेक्षकांचं नवं स्टेडियम बांधायचा इरादा आहे. अंदाजे खर्च २ अब्ज पौंड. संकल्पचित्र नॉर्मन फॉस्टर यांच्या फॉस्टर अँड पार्टनर्सचं. फॉस्टर मूळचे त्याच पट्ट्यातले, स्टॉकपोर्टचे. लंडनचं नवं वेम्बली उभं करण्यातही त्यांचा हात होता. क्लबचे सहमालक सर जिम रॅटक्लिफ यांनी २०३०-३१ चा सीझन नव्या ग्राउंडवर सुरू व्हावा असं म्हटलंय.

यात ‘इरादा’ हा शब्द नीट वाचा. त्या दिवशी चित्रं आली, मॉडेल आलं, व्हिडिओ आला. पैशांचा हिशेब आला नाही.

ही कल्पना अचानक कुठून आली?

अचानक नाही आली. रॅटक्लिफ यांनी क्लबचा पाव हिस्सा घेण्याचा करार डिसेंबर २०२३ मध्ये झाला, आणि मार्च २०२४ मध्ये माजी धावपटू लॉर्ड सेबॅस्टियन को यांच्या अध्यक्षतेखाली एक टास्क फोर्स बसला. त्यात ग्रेटर मँचेस्टरचे महापौर अँडी बर्नहॅम होते, आपला माजी कर्णधार गॅरी नेव्हिल होता. त्यांनी दोन्ही पर्याय तपासले: आहे तेच वाढवायचं, किंवा शेजारी नवं बांधायचं. आसपासचा सगळा परिसर नव्याने वसवायची मोठी योजनाही त्याच्याशी जोडलेली आहे. १७ हजार घरं आणि ९२ हजार रोजगार हे जे आकडे फिरतात ते या अख्ख्या परिसराचे, नुसत्या स्टेडियमचे नव्हेत. वाद घालताना निम्मे लोक इथेच घसरतात.

आहे ते ग्राउंड वाढवून भागत नाही का?

भागतं, पण पूर्ण नाही. पुनर्बांधणी केली तर साधारण ८७ हजारांपर्यंत जाता येईल असा अंदाज मांडला गेला होता. आज क्षमता ७४ हजारांच्या आसपास आहे.

खरी अडचण दक्षिणेकडे आहे. सर बॉबी चार्ल्टन स्टँडच्या पाठीला अगदी चिकटून रेल्वेलाइन जाते. बाकीच्या तीन बाजूंना मजले चढत गेले आणि ही एक बाजू बुटकी राहिली, ती त्यामुळेच. टीव्हीवर मॅच बघताना हे कळत नाही, कारण मुख्य कॅमेरा त्याच स्टँडमध्ये असतो आणि आपल्याला कायम समोरचा उंच सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन स्टँड दिसतो. ही बाजू वाढवायची तर रुळांच्या वरून बांधावं लागणार, म्हणजे गाड्यांच्या वेळा, परवानग्या, खर्च, सगळं आलं.

दुसरी अडचण मुंबई-पुण्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की ट्रान्झिटमध्ये राहायचं, भाडं कोण देणार, तीन वर्षांची सहा झाली तर काय? इथेही तेच. स्टँड पाडून बांधायचा तर अनेक वर्षं कमी प्रेक्षक, कमी गल्ला आणि सीझन तिकीटवाल्यांची पळापळ. शेजारी नवं बांधलं तर जुन्यात मॅचेस चालू राहतात आणि एक दिवस सामान उचलून पलीकडे जायचं. नव्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा मला हाच वाटतो. चित्रातले उंच खांब आणि काचेचे चौक नव्हेत.

आता उलट बाजू. लिव्हरपूलनेही एके काळी स्टॅनली पार्कमध्ये नवं स्टेडियम बांधायचं ठरवलं होतं. ते बारगळलं. मग त्यांनी अ‍ॅनफिल्डच वाढवलं: २०१६ मध्ये मेन स्टँड, नंतर अ‍ॅनफिल्ड रोड एंड, आणि आज तिथे ६१ हजार लोक बसतात. मॅचेस कधी थांबल्या नाहीत, घर सुटलं नाही. लिव्हरपूलचं कौतुक करताना हात आखडतो, पण खरं ते खरं.

छप्पर खरंच गळतं का, की उगाच हवा केली?

गळतं. १२ मे २०२४ ला आर्सेनलविरुद्धची मॅच आपण ०-१ हरलो आणि शेवटी जो पाऊस कोसळला, त्यात स्टँडच्या कोपऱ्यातून पाण्याचा धबधबाच खाली आला. थेंब थेंब गळणं वेगळं. इथे छपराच्या कडेवरून धार सुटून खालच्या खुर्च्यांवर आदळत होती आणि लोक मोबाइल वर करून शूटिंग करत होते. आर्सेनलवाल्यांना आयतंच मिळालं.

छपराचं सोडा, बाकीच्या तक्रारीही जुन्याच. खुर्च्यांच्या ओळी इतक्या जवळ की उंच माणसाचे गुडघे पुढच्याच्या पाठीत. २०२८ च्या युरो स्पर्धेसाठी इंग्लंडने जी स्टेडियमं दिली त्यात मँचेस्टरमधून शेजारच्या मँचेस्टर सिटीचं एतिहाद आहे, ओल्ड ट्रॅफर्ड नाही. सिटीच्या फॅनसमोर बसून हे कबूल करायचं म्हणजे जिवावर येतं.

पण १९१० चं ऐतिहासिक ग्राउंड पाडायचं?

१९ फेब्रुवारी १९१० ला लिव्हरपूलविरुद्ध पहिली मॅच झाली (३-४ हरलो), ते ग्राउंड आज उरलंय कुठे, हा प्रश्न आधी विचारायला हवा. आर्चिबाल्ड लीच यांनी आखलेलं मूळ बांधकाम ११ मार्च १९४१ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. नंतर १९४९ पर्यंत युनायटेडच्या घरच्या मॅचेस चक्क सिटीच्या ‘मेन रोड’ या ग्राउंडवर होत होत्या. परत आल्यावर एकेक स्टँड उभा राहिला. १९९२ मध्ये उभं राहून मॅच बघायचा जुना स्ट्रेटफर्ड एंड पाडला. सगळीकडे खुर्च्या बसवल्यावर क्षमता ४४ हजारांवर आली. मग १९९० च्या दशकात उत्तरेचा तीनमजली स्टँड झाला, २००० पर्यंत आकडा ६८ हजारांवर गेला आणि २००६ मध्ये कोपरे भरून ७६ हजारांवर.

मूळ १९१० मधला उरला तो एक बोगदा. दक्षिण स्टँडच्या मध्यातून पूर्वी खेळाडू मैदानावर यायचे तो. बॉम्बमधूनही वाचला. आता त्याला म्युनिकचं नाव आहे, १९५८ मध्ये टीमचं विमान कोसळलं ते शहर.

तेव्हा ‘एकही वीट हलवू नका’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण ‘वारसा वगैरे सब झूठ’ म्हणणाऱ्यांशी तर त्याहून जमत नाही. विटा बदलल्या तरी जागा तीच होती, चालत यायचा रस्ता तोच होता, बाजूला बसणारं कुटुंब तेच होतं. नवं स्टेडियम हाकेच्या अंतरावर होणार असल्याने पहिल्या दोन गोष्टी टिकतील. तिसरी टिकेल का, ते तिकिटाच्या दरावर आहे.

फॅन्सचा कौल काय आहे?

क्लबने केलेल्या पाहणीत साधारण ५२ टक्के नव्या स्टेडियमच्या बाजूने, ३१ टक्के पुनर्बांधणीच्या बाजूने आणि बाकीचे १७ टक्के कुंपणावर. म्हणजे बहुमत आहे, लाट नाही. आणि हा कौल देताना कुणालाच माहीत नव्हतं की नव्या ग्राउंडवर तिकीट किती पौंडांना पडणार. दर न सांगता ‘नवं घर हवं का?’ विचारलं तर नाही कोण म्हणेल?

पैसे कोण देणार?

मुद्द्याचा प्रश्न. आणि सगळ्यात कमी उत्तरं यावरच मिळालीत.

सरकारचं आधी बघू. अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी जानेवारी २०२५ मध्ये या परिसराच्या पुनर्विकासाला पाठिंबा दिला. तो रस्ते, रेल्वे, घरं यांच्यासाठी. स्टेडियमचा खर्च क्लबच्या बाजूचा. लोकांच्या करातून फुटबॉल क्लबचं ग्राउंड बांधू नये, हे मलाही पटतं.

मग क्लबकडे आहे काय? इथे २००५ आठवावं लागतं. ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला तो मोठ्या प्रमाणात कर्ज काढून, आणि त्यातलं ५० कोटी पौंडांहून जास्त कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. तोपर्यंत युनायटेडवर कर्ज जवळपास नव्हतं. वीस वर्षं त्याचं व्याज भरण्यात जो पैसा गेला त्यात छप्पर किती वेळा दुरुस्त झालं असतं, हा हिशेब प्रत्येक फॅन मनातल्या मनात करतो. २०१० मध्ये स्टँड हिरव्या-पिवळ्या मफलरांनी भरले ते याच रागातून. क्लब न्यूटन हीथ नावाने खेळायचा तेव्हाचे ते रंग. काही जण त्याही पुढे गेले. त्यांनी २००५ मध्येच एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला, लोकांना शेअर विकून पैसे उभे केले आणि २०१५ मध्ये ब्रॉडहर्स्ट पार्क हे आपलं ग्राउंडही बांधलं. पाच हजारांच्या आतलं आहे, पण मालक कोण हे विचारावं लागत नाही.

रॅटक्लिफ आल्यानंतरचं चित्रही फार सुखाचं नाही. शेकडो नोकऱ्या गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सीझनच्या मध्येच ठरलं की मेंबरांसाठी उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांना. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना सवलत नाही. मार्च २०२५ मध्ये स्वतः रॅटक्लिफ मुलाखतीत म्हणाले की काटकसर केली नसती तर ख्रिसमसपर्यंत क्लबची रोकड संपली असती. ९ मार्चला आर्सेनलच्या मॅचआधी ‘द १९५८’ या फॅन गटाने काळे कपडे घालून मोर्चा काढला. आणि दोनच दिवसांनी २ अब्ज पौंडांच्या स्टेडियमचं चित्र! योगायोग असेलही. पण सकाळी रोकड संपत आल्याचं सांगायचं आणि संध्याकाळी महालाचा नकाशा दाखवायचा, याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

मँचेस्टर युनायटेड सपोर्टर्स ट्रस्टने घोषणेनंतर लगेच हेच विचारलं: तिकिटं महागणार का, वातावरणाचं काय, कर्ज वाढणार का, टीमवरचा खर्च कापणार का? माझ्या मते या चार प्रश्नांची लेखी उत्तरं येईपर्यंत बाजू घ्यायची घाईच करू नये.

स्टेडियमच्या कर्जाने टीम मागे पडते, हे खरं?

आर्सेनलला विचारा. २००६ मध्ये ते हायबरी सोडून ६० हजारांच्या एमिरेट्समध्ये गेले. २००५ चा एफए कप जिंकल्यावर पुढची मोठी ट्रॉफी थेट २०१४ ला आली. मधल्या काळात एकेक चांगला खेळाडू विकत राहिले. २०१२ मध्ये रॉबिन व्हॅन पर्सी आपल्याकडे आला आणि त्याने आपल्याला लीग जिंकून दिली, तेव्हा आपण नाचलो. उद्या त्या जागी आपण असू, आणि नाचणारे दुसरे.

सगळा दोष स्टेडियमचा नव्हता, समोर चेल्सी आणि सिटीचा पैसा होता. पण हप्ते होतेच.

तिकिटं महागतील का?

जास्त खुर्च्या म्हणजे दर खाली येतील, असं साधं गणित काही जण मांडतात. तसं होत नाही. नव्या स्टेडियममध्ये सगळ्यात जास्त कमाई हॉस्पिटॅलिटीची: लाउंज, जेवण, मऊ खुर्च्या. जुन्या ग्राउंडवरही डगआउटजवळच्या (राखीव खेळाडू बसतात तिथल्या) काही सीझन तिकीटवाल्यांना उठवून त्या जागा हॉस्पिटॅलिटीला द्यायचा निर्णय झालाच. १ लाखांपैकी किती खुर्च्या साध्या माणसाच्या, हा आकडा क्लबने आधी सांगावा. मग छपराच्या उंचीवर बोलू.

नव्या ग्राउंडवर आवाज राहील का?

आवाज बांधकामावर अवलंबून असतो, हे आता सगळ्यांना कळलंय. टॉटनहॅमने २०१९ च्या नव्या ग्राउंडमध्ये एका गोलमागे साडेसतरा हजार लोकांचा एकसलग, एकमजली स्टँड बांधला. मधे बॉक्स नाहीत, मजले नाहीत. एका टोकाला सुरू झालेलं गाणं दुसऱ्या टोकाला पोचतं. उलट वेस्ट हॅम २०१६ मध्ये अप्टन पार्कसारखं दाटीवाटीचं ग्राउंड सोडून ऑलिम्पिकच्या स्टेडियममध्ये गेलं. ते मुळात धावण्याच्या शर्यतींसाठी बांधलेलं, त्यामुळे प्रेक्षक आणि मैदान यांच्यात भलं मोठं अंतर. मार्च २०१८ मध्ये बर्नलीविरुद्धच्या मॅचमध्ये चिडलेले फॅन मैदानात उतरले, त्या रागाच्या मुळाशी हेही होतंच.

उभं राहून मॅच बघण्याचा प्रश्नही यात येतो. १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरीत लोक गेले, त्यानंतर टेलर अहवाल आला आणि लीगच्या वरच्या विभागांत सगळीकडे खुर्च्या सक्तीच्या झाल्या. २०२२ पासून प्रीमियर लीगमध्ये कठडे लावलेल्या सुरक्षित जागी उभं राहायला पुन्हा परवानगी आहे. म्हणजे नवा स्ट्रेटफर्ड एंड पहिल्या रेघेपासून तसा आखता येतो. नव्या स्टेडियमच्या बाजूने माझं मत झुकलंच तर या एका गोष्टीसाठी झुकेल.

संकल्पचित्रात स्टेडियमवर दिसतो तो तंबू कशासाठी?

सर्कस म्हणून झाली, शामियाना म्हणून झाला, आता नवं नाव शोधा. तीन खांब आहेत, २०० मीटर उंच, क्लबच्या चिन्हातल्या सैतानाच्या हातातल्या त्रिशूळावरून सुचलेले. त्यांवरून मोठं छत्र ताणायचं आणि स्टेडियमबाहेरचा चौकही त्याखाली घ्यायचा. मँचेस्टरचा पाऊस बघता कल्पना अगदीच वेडगळ नाही. शिवाय पावसाचं पाणी साठवायचं आणि ऊन्हातून वीज घ्यायची असंही सांगितलंय. ऊन कुठलं, ते विचारू नका.

बांधकामाची युक्ती मात्र मला आवडली. भाग बाहेर तयार करायचे, मँचेस्टर शिप कॅनालमधून बार्जवरून आणायचे आणि जागेवर जोडायचे. फॉस्टर यांचा दावा आहे की अशाने दहा वर्षांचं काम पाच वर्षांत होईल. वेम्बलीचं काम किती रखडलं होतं ते आठवून हा दावा जरा जपूनच घ्या.

जमीन क्लबचीच आहे ना?

सगळी नाही. ग्राउंडच्या मागे मालगाड्यांचं टर्मिनल आहे, कंटेनर चढवा-उतरवायचं. ते हलवल्याशिवाय योजना पूर्ण आकाराची होत नाही, आणि जमिनीची किंमत काय धरायची यावर दोन्ही बाजूंच्या अपेक्षांत मोठी तफावत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. ज्याची जमीन अडते तो भाव वाढवतो. ट्रॅफर्ड काय आणि ठाणे काय.

बांधकाम चालू असताना टीम कुठे खेळेल?

ओल्ड ट्रॅफर्डवरच.

आणि नंतर जुन्याचं काय?

सुरुवातीला कल्पना होती की ते छोटं करून महिला टीमसाठी आणि अकादमीसाठी ठेवावं. नंतर कल पाडण्याकडे गेला. मला हे पटत नाही. एव्हर्टनने २०२५ मध्ये पुरुषांची टीम बंदरावरच्या नव्या स्टेडियममध्ये नेली आणि १८९२ पासूनचं गुडिसन पार्क महिला टीमला दिलं. लोकांनी रडून निरोप दिला आणि ग्राउंडही राहिलं. आपल्या महिला टीमला घरच्या मॅचेससाठी ली गावात जावं लागतं. थोडा विचार इकडेही व्हावा.

म्युनिकचं घड्याळ, पुतळे यांचं काय होणार?

यावर दोन्ही तटांचं एकमत आहे: ते सगळं सोबत न्यायचं. ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्युनिकमधल्या विमान अपघातात २३ जण गेले, त्यात आपले आठ खेळाडू. दर वर्षी त्या दिवशी लोक भिंतीवरच्या फलकापाशी आणि घड्याळाखाली जमतात. बेस्ट, लॉ आणि चार्ल्टन या जुन्या दिग्गज खेळाडूंचा पुतळा, समोर त्यांचे मॅनेजर मॅट बस्बी, हे हलवता येतं. बोगदा कसा हलवणार हे मात्र इंजिनिअरांनी सांगावं.

नाव बदलणार का?

एमिरेट्स, एतिहाद, आता एव्हर्टनचं हिल डिकिन्सन, सगळी प्रायोजकांची नावं. २ अब्जांचा खड्डा भरायचा असेल तर नाव विकायचा मोह होणारच. विकलंच तरी लोक ‘ओल्ड ट्रॅफर्ड’च म्हणणार. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आपण अजून काय म्हणतो?

१ लाख लोक दर आठवड्याला येतील?

सिटीविरुद्ध, लिव्हरपूलविरुद्ध येतील. कडाक्याच्या थंडीत, सोमवारी रात्री, टेबलमध्ये पंधराव्या नंबरावर असताना? २०२४-२५ मध्ये आपण पंधरावेच आलो, आणि तरी ग्राउंड भरत होतं हे मान्य. पण परवडणाऱ्या दरातच भरेल.

आपण इथे बसून कशाला डोकं फोडायचं? आपलं कुठे सीझन तिकीट आहे?

हा टोमणा स्थानिक फॅन मारतात, आणि त्यात तथ्य आहे. ग्राउंडच्या शेजारी, स्ट्रेटफर्डमध्ये राहणाऱ्याच्या मताला आपल्यापेक्षा जास्त वजन असायलाच हवं. पण स्टेडियम कुणासाठी, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मुंबईत ब्रेबॉर्न असताना पाच मिनिटांच्या अंतरावर वानखेडे का उभं राहिलं? क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात टेस्टच्या जागांच्या वाटणीवरून भांडण पेटलं, म्हणून. शेषराव वानखेडे इरेला पेटले, वर्षभरात स्टेडियम उभं केलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध टेस्ट झालीसुद्धा. आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा ही फुटबॉल मॅच बघितलेल्या माणसाला आवाज, जागा आणि हक्क यांवर बोलायला मँचेस्टरची परवानगी लागत नाही.

जुनं ओल्ड ट्रॅफर्ड एकदा बघायचंय. काय करावं?

मॅचचं तिकीट मेंबरशिप घेऊन क्लबकडूनच घ्या; बाहेर कोपऱ्यावर विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. मॅच नसलेल्या दिवशी म्युझियम आणि स्टेडियम टूर असते, पण मॅचच्या आसपास वेळा बदलतात, आधी बुक करा. बोगदा दाखवतात का, ते बुक करतानाच विचारून घ्या. ट्रामने जाणार असाल तर ‘ओल्ड ट्रॅफर्ड’ स्टॉपला उतरल्यावर आधी समोर येतं ते क्रिकेटचं ग्राउंड, सचिनने १९९० मध्ये पहिलं टेस्ट शतक ठोकलं ते. तिथे फोटो काढा आणि मग ‘सर मॅट बस्बी वे’ या रस्त्याच्या दिशेने चालत सुटा, दहा मिनिटांचा रस्ता आहे. छत्री न्या, पण घडीची, छोटी. मोठी छत्री आत नेऊ देत नाहीत.